संबंधांवरच्या प्रॉपर्टी आरडीएफमध्ये नेताना त्यांचे काय करावे?

प्रश्न – संग्राहक

आमच्याकडे संशोधक, शोधनिबंध आणि संस्था यांची माहिती निओफोरजे या ग्राफ डेटाबेसमध्ये साठवलेली आहे; त्यात वस्तू म्हणजे नोड, त्यांना जोडणारे संबंध, आणि दोहोंवर प्रॉपर्टी म्हणजे नाव-मूल्याच्या नोंदी असतात. नोड काही लाखांत आहेत आणि संबंध त्यांच्या कित्येक पट आहेत. ही माहिती आता लिंक्ड डेटा म्हणून, म्हणजे वेबवर दुव्यांनी जोडलेली अशी, आरडीएफ या प्रमाण स्वरूपात खुली करायची आहे. प्रत्येक संशोधकाला आणि निबंधाला स्वतःचा एचटीटीपी यूआरआय (वेबवर उघडणारी कायमची ओळख) असावा, बाहेरच्या कोणालाही त्यावर स्पार्क्ल या आरडीएफच्या क्वेरी भाषेत प्रश्न विचारता यावेत आणि फायली टर्टल व जेसन-एलडी या दोन्ही स्वरूपांत मिळाव्यात, अशी अपेक्षा आहे. मूळ डेटाबेस आहे तसाच राहणार असून रूपांतर रोज रात्री नव्याने चालवले जाईल.

पायथॉनमधून अधिकृत ड्रायव्हरने नोड आणि संबंध वाचायचे आणि आरडीएफलिब या लायब्ररीने त्यांचे ट्रिपल (कोणाविषयी, कोणता संबंध, काय अशी तीन भागांची विधाने) तयार करायचे, असा माझा बेत आहे. नोडच्या बाबतीत फारशी अडचण दिसत नाही, कारण लेबलवरून प्रकार ठरतो आणि प्रत्येक प्रॉपर्टीचा एक लिटरल (साधे मूल्य) होतो. अडचण आहे ती संबंधांची. ‘नेमणूक’ या संबंधावर पद, सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख अशा तीन प्रॉपर्टी आहेत, तर ‘लेखन’ या संबंधावर लेखकाचा क्रम आहे. आरडीएफच्या ट्रिपलमध्ये सब्जेक्ट, प्रेडिकेट आणि ऑब्जेक्ट यांच्यापलीकडे जागाच नाही. त्यावर जुने रिइफिकेशन (विधानाविषयी विधान करणे), नेम्ड ग्राफ (ट्रिपलच्या गटाला नाव देणे), आरडीएफ-स्टार (अख्खा ट्रिपल दुसऱ्या ट्रिपलमध्ये अवतरणात घेणे) आणि मध्ये एक वेगळा नोड घालणे असे चार मार्ग सुचवलेले मी वाचले आहेत, परंतु कोणता केव्हा वापरावा याचा उलगडा झालेला नाही. आरडीएफ-स्टार सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून तोच घ्यावा असे मनात आहे.

त्याखेरीज दोन शंका आहेत. निओफोरजेचा अंतर्गत क्रमांक यूआरआयमध्ये वापरला तर चालेल का? आणि निओफोरजेमध्ये आरडीएफची ने-आण करणारे निओसिमँटिक्स हे प्लगिन तयार असताना स्वतःचा कोड लिहिण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर – अंतर्दुवा

लायब्ररी कोणती घ्यावी हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी एक गोष्ट तपासावी, कारण तिचे उत्तर कोणतीही लायब्ररी तुमच्या वतीने देऊ शकत नाही: तुमच्या डेटामध्ये एकाच दोन नोडमध्ये एकाच प्रकारचा संबंध दोनदा येऊ शकतो का?

प्रॉपर्टी ग्राफमध्ये प्रत्येक संबंधाला स्वतःची ओळख असते. एखादा संशोधक एका संस्थेत २००९ ते २०१२ या काळात होता, नंतर दुसरीकडे गेला आणि २०१८ मध्ये पुन्हा त्याच संस्थेत रुजू झाला, तर निओफोरजेमध्ये त्या दोन नोडमध्ये ‘नेमणूक’ या प्रकारचे दोन स्वतंत्र संबंध असतात आणि प्रत्येकावर आपापल्या तारखा असतात. आरडीएफ ग्राफ हा मात्र ट्रिपलचा संच आहे, आणि संचात एकच सदस्य दोनदा असू शकत नाही. त्यामुळे हे दोन संबंध साध्या ट्रिपलमध्ये उतरवले की त्यांचा एकच ट्रिपल होतो, आणि तो होताना कोणतीही लायब्ररी चूक दाखवत नाही, कारण तिच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते.

आरडीएफ-स्टारने ही अडचण सुटते असा समज बराच पसरलेला आहे, परंतु वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या समुदाय गटाने २०२१ मध्ये ज्या स्वरूपाचा अहवाल दिला, त्यात ती सुटत नाही. तेथे अवतरणात घेतलेल्या ट्रिपलची ओळख म्हणजे त्याचे तीन घटकच होत. वरच्या उदाहरणात दोन्ही नेमणुकांचा सब्जेक्ट, प्रेडिकेट आणि ऑब्जेक्ट सारखाच असल्याने अवतरणातला ट्रिपलही एकच राहतो, आणि त्याला सुरुवात म्हणून २००९ व २०१८ ही दोन वर्षे आणि शेवट म्हणून २०१२ हे एक वर्ष चिकटते. कोणता शेवट कोणत्या सुरुवातीचा, हे त्यानंतर कोणालाही सांगता येणार नाही. पदेही तशीच मिसळतील. माहिती गहाळ झाली असती तर निदान मोजणीत लक्षात आली असती. येथे ती सगळी हजर दिसते आणि तरीही चुकीची असते, म्हणून हा प्रकार मला अधिक धोक्याचा वाटतो.

तेव्हा कोड लिहिण्यापूर्वी सायफर या निओफोरजेच्या क्वेरी भाषेत एक साधी क्वेरी चालवून पाहा. सुरुवातीचा नोड, शेवटचा नोड आणि संबंधाचा प्रकार यांवर गट करून ज्या गटात एकापेक्षा अधिक संबंध आहेत, ते गट प्रकारानुसार मोजा. ज्या प्रकारात असा एकही गट सापडत नाही, त्याच्याविषयीही पुन्हा विचार करा, कारण आज दुहेरी संबंध नाहीत याचा अर्थ ते उद्या येणार नाहीत असा होत नाही. नेमणुकीत ते येणारच. लेखनात एकच व्यक्ती एका निबंधाची दोनदा लेखक असण्याचे कारण नाही.

मग मार्गांची निवड बरीचशी आपोआप होते. नेमणूक ही मुळात एक घटना आहे: तिला सुरुवात आहे, शेवट आहे, पद आहे, आणि उद्या तिला नेमणुकीचे पत्र किंवा निधीचा स्रोतही जोडावासा वाटेल. म्हणून तिचा वेगळा नोड करावा, त्याला स्वतःचा यूआरआय द्यावा आणि संशोधक, संस्था, पद व काळ हे सर्व त्या नोडला जोडावे. दोनपेक्षा अधिक घटकांचे संबंध आरडीएफमध्ये असेच मांडावेत, अशी टिपण डब्ल्यूथ्रीसीने २००६ मध्येच प्रसिद्ध केली होती. तुमच्या विषयासाठी तर शब्दसंग्रहही तयार आहे. २०१४ मध्ये डब्ल्यूथ्रीसीची शिफारस झालेल्या ऑर्गनायझेशन ऑन्टॉलॉजीमध्ये ‘मेंबरशिप’ नावाचा वर्ग नेमका याच कामासाठी आहे, आणि व्यक्ती, संस्था, भूमिका व काळ यांच्यासाठी प्रेडिकेटही त्यात दिलेले आहेत. शिवाय तपशिलात न शिरता व्यक्तीला थेट संस्थेशी जोडणारा ‘मेंबर ऑफ’ हा प्रेडिकेटही तेथेच मिळतो. स्कीमा डॉट ऑर्ग या शब्दसंग्रहातला ‘रोल’ हा वर्गही साधारण याच हेतूचा आहे.

मधल्या नोडबरोबर हा थेट ट्रिपलही लिहावा का, याचा निर्णय जरा जपून घ्यावा. तो असला तर बाहेरच्या वापरकर्त्याची क्वेरी निम्म्याने लहान होते, हे खरे. पण साधा ट्रिपल काळाविषयी काहीच बोलत नसल्याने, २०१२ मध्ये संपलेली नेमणूकही त्यातून आजची वाटते. मी स्वतः चालू नेमणुकांसाठीच तो लिहीन आणि संपलेल्या नेमणुका फक्त मधल्या नोडमध्ये ठेवीन.

राहिलेल्या दोन मार्गांविषयी थोडक्यात. जुन्या रिइफिकेशनमध्ये प्रत्येक विधानासाठी वेगळा नोड होतो, त्यामुळे दुहेरी संबंध त्यात वेगळे राहतात; परंतु प्रत्येक संबंधामागे त्याचा प्रकार, सब्जेक्ट, प्रेडिकेट आणि ऑब्जेक्ट सांगणारे चार ट्रिपल आधी खर्च होतात आणि प्रॉपर्टी त्यानंतर येतात. एवढे करून जो नोड मिळतो तो ‘विधान’ असतो, ‘नेमणूक’ नव्हे, मग सरळ नेमणुकीचाच नोड का करू नये? नेम्ड ग्राफच्या मार्गाने प्रत्येक संबंध आपापल्या ग्राफमध्ये ठेवता येतो. अ‍ॅमेझॉन नेपच्यूनसाठीचे सीएसव्ही-ते-आरडीएफ रूपांतराचे साधन संबंधाचा आयडी ग्राफच्या जागी ठेवते, ते याच विचाराने. ते चालते, परंतु ग्राफची ती जागा एकदा संबंधांसाठी खर्च झाली की ‘हा डेटा कोणत्या रात्रीच्या भरणीतून आला’ यासारख्या गोष्टींसाठी ती उरत नाही, आणि तुम्हाला रोजच्या भरणीसाठी ती लागणार आहे.

आरडीएफ १.२ मध्ये हा दोष दूर करण्याची व्यवस्था आहे. तेथे ट्रिपल आणि त्याविषयी बोलणारा ‘रिइफायर’ हे वेगळे धरले आहेत, त्यामुळे एकाच ट्रिपलला दोन रिइफायर असू शकतात आणि प्रत्येकाला आपल्या तारखा देता येतात. हे प्रॉपर्टी ग्राफच्या कल्पनेशी बरेच जुळते. परंतु ज्यांना तुम्ही डेटा देणार आहात त्यांच्याकडची साधने ते वाचू शकतील असे आज गृहीत धरू नये. मधला नोड २००४ च्या आरडीएफपासून आजपर्यंत कोणत्याही साधनाला वाचता येतो.

उत्तर – चौकट

मधल्या नोडविषयी वर जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. परंतु प्रत्यक्ष कामात अधिक वेळ यूआरआय आणि डेटाटाइप यांच्यातच जातो, म्हणून त्यांविषयी लिहितो.

निओफोरजेचा अंतर्गत क्रमांक यूआरआयमध्ये वापरू नये. एखादा नोड पुसला की त्याचा क्रमांक पुढे दुसऱ्याच नोडला मिळू शकतो, म्हणजे ज्या यूआरआयने काल एका व्यक्तीचा निर्देश होत होता त्यानेच उद्या एखाद्या निबंधाचा होईल. पाचव्या आवृत्तीपासून आलेला ‘एलिमेंट आयडी’ हाही एका व्यवहाराच्या (ट्रान्झॅक्शनच्या) बाहेर टिकेल अशी हमी देत नाही, आणि डेटाबेस नव्याने भरला तर दोन्ही बदलतात. लिंक्ड डेटाचा सगळा डोलारा यूआरआय टिकण्यावर उभा असल्याने पाया येथेच घट्ट हवा.

निबंधाला डीओआय, संशोधकाला ऑर्किड आणि संस्थेला आरओआर हा जागतिक ओळखक्रमांक असेल, तर ओळखीचा निम्मा प्रश्न सुटतो. तरीही मी त्यांचे यूआरआय थेट स्वतःच्या नोडसाठी वापरण्याऐवजी स्वतःच्या डोमेनखाली यूआरआय तयार करीन आणि तेथून त्यांच्याकडे दुवा देईन, कारण सर्वच जुन्या लेखकांना ऑर्किड नसते आणि निम्मे संशोधक एका पद्धतीने तर निम्मे दुसऱ्या पद्धतीने ओळखणे पुढे जाचक ठरते. दुव्यासाठी ‘सेम अ‍ॅज’ वापरताना मात्र सांभाळावे. अनुमान काढणारे इंजिन त्या दोन यूआरआयमागची वस्तू एकच मानून सर्व विधाने एकत्र करते, आणि एखादी जुळणी चुकली तर दोन माणसांचे निबंध एकमेकांत मिसळतात. जुळणीची खात्री नसेल तेथे ऑर्किड हा साधा ओळखक्रमांक म्हणून लिटरलमध्ये नोंदवणे पुरेसे आहे.

नेमणुकीच्या मधल्या नोडला नैसर्गिक ओळख नसते, आणि तेथे बहुतेक जण ब्लँक नोडकडे, म्हणजे यूआरआय नसलेल्या नोडकडे, वळतात, कारण तो आरडीएफलिबमध्ये एका शब्दात मिळतो. तुमचे रूपांतर रोज रात्री होणार असल्याने मी त्याविरुद्ध सल्ला देईन. ब्लँक नोडचे नाव प्रत्येक वेळी नवे तयार होते, त्यामुळे कालच्या आणि आजच्या फायलींची साधी तुलना केली तर प्रत्येक नेमणूक बदललेली दिसते आणि बाहेरच्या कोणालाही त्या नेमणुकीकडे दुवा देता येत नाही. संशोधकाची किल्ली, संस्थेची किल्ली, पद आणि सुरुवातीची तारीख जोडून त्यावरून पाचव्या प्रकारचा यूयूआयडी हा लांब ओळखक्रमांक काढला, तर तेच घटक दिल्यावर दर वेळी तोच यूआरआय मिळतो. त्यातही एक कच्चा दुवा आहे: कोणी सुरुवातीची तारीख दुरुस्त केली की यूआरआय बदलतो. मूळ डेटाबेसमध्ये बदल करण्याची मुभा असेल, तर प्रत्येक नेमणुकीच्या संबंधावर एकदाच तयार केलेला यूयूआयडी प्रॉपर्टी म्हणून ठेवणे हाच खरा उपाय आहे.

किल्लीतल्या मोकळ्या जागा आणि विशेष चिन्हे यूआरआयमध्ये जाण्यापूर्वी टक्के-सांकेतिक (जसे मोकळ्या जागेसाठी %20) करून घ्यावीत. आरडीएफलिब असा सदोष यूआरआय तयार करू देते आणि लॉगमध्ये फक्त इशारा लिहिते. टर्टल लिहिण्याची वेळ आली की मात्र नकार देते. लाखो ट्रिपल तयार झाल्यावर शेवटच्या पायरीवर तो नकार मिळणे चांगले नाही.

डेटाटाइपमध्ये सर्वांत फसवी गोष्ट तारखांची आहे. निओफोरजेचा पायथॉन ड्रायव्हर तारीख आणि वेळ स्वतःच्या वर्गांमध्ये परत करतो, पायथॉनच्या मूळ वर्गांमध्ये नव्हे. तो ऑब्जेक्ट जसाच्या तसा आरडीएफलिबच्या लिटरलमध्ये दिला, तर लायब्ररीला तो प्रकार ओळखता येत नाही आणि तारीख साधा मजकूर म्हणून लिहिली जाते. फाईल डोळ्यांना बरोबर दिसते, पण स्पार्क्लमध्ये ‘२०१५ नंतरच्या नेमणुका’ विचारल्या की काहीच मिळत नाही. त्या वर्गांवरची ‘टू नेटिव्ह’ ही मेथड आधी वापरावी आणि डेटाटाइप स्वतः स्पष्ट लिहावा. ज्या वेळांना टाइमझोन नाही त्यांना तो असलेल्या वेळांमध्ये मिसळू नये, कारण मग तुलनेचा निकाल इंजिन कोणता टाइमझोन गृहीत धरते यावर अवलंबून राहतो. प्रकाशनवर्ष पूर्णांक म्हणून साठवलेले असेल तर त्याला वर्षाचाच डेटाटाइप द्यावा.

यादी असलेल्या प्रॉपर्टीही अशाच गप्पपणे बदलतात. ‘विषयशब्द’ या प्रॉपर्टीत पाच शब्दांची यादी असेल तर पाच ट्रिपल होतात आणि त्यांचा क्रम जातो, जो तेथे नको असतोच; क्रम महत्त्वाचा असेल तेथे आरडीएफची यादी किंवा क्रमांक लागतो. वेगवेगळ्या भाषांतली शीर्षके तुम्ही ‘शीर्षक_मराठी’ आणि ‘शीर्षक_इंग्रजी’ अशा निरनिराळ्या प्रॉपर्टींत ठेवली असतील, तर त्यांचे दोन प्रेडिकेट न करता एकच प्रेडिकेट आणि दोन भाषाखुणा कराव्यात. प्रॉपर्टी ग्राफमध्ये नसलेली ही सोय आरडीएफमध्ये आयती मिळते.

आणखी एक. प्रॉपर्टीची नावे यंत्राने प्रेडिकेटमध्ये बदलू नयेत. प्रॉपर्टी ग्राफमध्ये ‘प्रकार’ या नावाचा अर्थ संस्थेच्या नोडवर एक आणि निबंधाच्या नोडवर दुसराच असला तरी कोणाचे बिघडत नाही, पण आरडीएफमधला प्रेडिकेट हा सर्व जगासाठी एकाच अर्थाचा असतो. लेबल आणि प्रॉपर्टी या जोडीगणिक कोणता प्रेडिकेट व कोणता डेटाटाइप, हे सांगणारा एक तक्ता कोडच्या बाहेर ठेवावा आणि तक्त्यात नसलेली प्रॉपर्टी समोर आली तर रूपांतर थांबवावे.

उत्तर – जावाकर

निओसिमँटिक्सविषयी. ते प्लगिन मुख्यतः आरडीएफ निओफोरजेमध्ये आणण्यासाठी वापरले जाते आणि त्या दिशेला ते उत्तम आहे. उलट्या दिशेने, म्हणजे आधीपासून असलेला प्रॉपर्टी ग्राफ आरडीएफ म्हणून बाहेर काढण्यासाठीही त्याचा उपयोग होतो: एखादी सायफर क्वेरी द्यावी आणि तिचा निकाल टर्टलमध्ये मिळवावा. पाहणीसाठी ते झटपट आहे. परंतु त्याचे मॅपिंग लेबल, प्रॉपर्टी आणि संबंधांची नावे शब्दसंग्रहातल्या नावांशी जुळवते. संबंधाचा मधला नोड करण्यासारखा रचनेतला बदल त्याचे काम नाही. संबंधांवरच्या प्रॉपर्टी त्यातून आरडीएफ-स्टारच्या रूपात येतात, म्हणजे वर अंतर्दुवा यांनी सांगितलेला दोष तेथे लागू होतो. शिवाय मुळातच प्रॉपर्टी ग्राफ म्हणून भरलेल्या नोडना तेथे मिळणारे यूआरआय हे निओफोरजेच्या स्वतःच्या स्कीमचे असतात. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये लिंक्ड डेटाचे जे चार नियम मांडले, त्यांत नावे एचटीटीपीवरून उघडता यावीत ही अट आहे, आणि ती असल्या यूआरआयने पुरी होत नाही. तुमच्या कामासाठी स्वतःचा कोड लिहिणेच योग्य ठरेल.

प्रेक नावाची एक जावास्क्रिप्ट लायब्ररीही आहे, जिच्यात रूपांतराचे नियम टर्टलमध्येच लिहून देता येतात. ती प्रायोगिक असल्याचे तिच्या नावातच नमूद आहे. रोजच्या कामाला लावण्यापेक्षा तिच्या नियमांची रचना पाहून आपला तक्ता कसा असावा हे ठरवण्यासाठी ती मला अधिक उपयोगी वाटते.

आरडीएफ-स्टारच्या विरोधात तुमच्या बाबतीत आणखी दोन कारणे आहेत. आरडीएफलिबच्या ७.० या आवृत्तीत त्याची सोय नाही, त्यामुळे ते ट्रिपल तुम्हाला मजकुराची जोडाजोड करून लिहावे लागतील, आणि मग लायब्ररी वापरण्याचा मुख्य फायदाच जातो. दुसरे म्हणजे जेसन-एलडी १.१ या प्रमाणात अवतरणातल्या ट्रिपलला जागा नाही, आणि ते स्वरूप तर तुम्हाला हवेच आहे.

आता आकाराचा प्रश्न. आरडीएफलिबचा ग्राफ सर्वसाधारणपणे मेमरीत राहतो आणि प्रत्येक ट्रिपलचे घटक हे पायथॉनचे ऑब्जेक्ट असतात. काही लाख नोड आणि त्यांच्या कित्येक पट संबंध एकाच ग्राफमध्ये भरून शेवटी टर्टल लिहायला सांगितले, तर मेमरी तर लागेलच, पण टर्टलसाठी सब्जेक्टनुसार गट करावे लागत असल्याने वेळही बराच जाईल. त्याऐवजी काही हजार नोंदींची एक तुकडी घ्यावी, तिचा लहान ग्राफ करावा, तो एन-ट्रिपल्समध्ये लिहून फाईलच्या शेवटी जोडावा आणि ग्राफ टाकून द्यावा. एन-ट्रिपल्समध्ये एका ओळीत एक ट्रिपल असतो आणि प्रीफिक्स नसतात, म्हणून अशा फायली एकीला एक जोडल्या तरी वैध राहतात. ब्लँक नोड टाळण्याचा वरचा सल्ला येथेही कामी येतो, कारण वेगवेगळ्या तुकड्यांतले ब्लँक नोड एका फाईलमध्ये आले की त्यांची नावे एकमेकांत अडकण्याची शक्यता असते. तयार फाईल अपाचे जेना या आरडीएफच्या साधनसंचातल्या ‘रायट’ या साधनाने तपासून घ्यावी आणि त्याच साधनाने टर्टलमध्ये बदलावी. ते प्रवाही पद्धतीने काम करते, सगळी फाईल मेमरीत घेत नाही. त्यानंतर जेनाच्या टीडीबी २ या डेटाबेसमध्ये भरली की स्पार्क्लची सोय झाली. जेसन-एलडी मात्र सबंध डेटाची एक अवाढव्य फाईल म्हणून न देता एकेका संशोधकाची किंवा निबंधाची वेगळी द्यावी. त्या स्वरूपाचा उपयोग तसाच असतो.

लेखकांच्या क्रमाबद्दल माझे मत वरच्यांपेक्षा किंचित वेगळे आहे. लेखनाचा मधला नोड न करता बिबो या ग्रंथसूचीच्या शब्दसंग्रहातला ‘ऑथर लिस्ट’ हा प्रेडिकेट घेऊन आरडीएफची यादी करावी, असे मी सुचवीन. निबंधाची लेखकयादी ही मुळातच यादी आहे.

संग्राहक

सुचवलेली क्वेरी चालवली. ‘नेमणूक’ या संबंधात दुहेरी जोड्या अपेक्षेप्रमाणे सापडल्या, आणि त्यांतल्या बहुतेक खऱ्या आहेत: कोणी पद बदलले आहे, तर कोणी परत आले आहे. ‘लेखन’ या संबंधातही काही सापडल्या, परंतु तेथे दोन्ही संबंधांवर क्रमही सारखाच आहे, म्हणजे निबंधांची भरणी कधीतरी दोनदा झालेली दिसते. ‘उद्धरण’ या संबंधावर प्रॉपर्टी काहीच नाहीत, तरीही त्यातही दुहेरी जोड्या आहेत. नेमणुकीसाठी मधला नोड करण्याचे ठरवले आहे आणि संबंधावर यूयूआयडी ठेवण्याची परवानगीही मिळेल.

आता अडचण अशी की रूपांतरात काही गळले नाही याची खात्री कशी करावी? दोन्हीकडची एकूण संख्या जुळण्याचा प्रश्नच नाही. आणि रोज रात्री नवी फाईल भरताना आदल्या दिवशी होते पण आता पुसले गेले आहेत असे ट्रिपल कसे काढावेत?

उत्तर – अंतर्दुवा

उद्धरणातल्या दुहेरी जोड्यांची काळजी नसावी. एका निबंधाने दुसऱ्याचा संदर्भ दिला, एवढेच ते विधान आहे, आणि ते एकदा राहणे हीच त्याची योग्य अवस्था आहे. लेखनातले दुहेरी संबंध मात्र मूळ डेटाबेसमध्येच दुरुस्त करावेत. रूपांतराच्या कोडमध्ये सफाई केली तर मूळ आणि प्रकाशित डेटा यांच्यात असा फरक पडतो, ज्याचे कारण वर्षभराने कोणालाच आठवणार नाही.

एकूण ट्रिपल मोजून काही कळत नाही हे बरोबर आहे. मोजणी संबंधाच्या प्रकारानुसार करावी: नेमणुकीच्या बाबतीत निओफोरजेमधल्या संबंधांची संख्या आणि स्पार्क्लमधल्या मेंबरशिप नोडची संख्या तंतोतंत जुळली पाहिजे, उद्धरणाच्या बाबतीत निओफोरजेमधल्या वेगळ्या जोड्यांची संख्या आणि स्पार्क्लमधल्या ट्रिपलची संख्या जुळली पाहिजे. संख्या जुळल्या तरी मजकूर चुकलेला असू शकतो, म्हणून नेमणुकांसाठी दोन्हीकडून यूयूआयडी, संशोधकाची किल्ली, संस्थेची किल्ली, पद आणि तारखा असा तक्ता काढून, एका क्रमाने लावून, ओळीने ओळ ताडून पाहावी. लाखोंच्या संख्येतही याला फार वेळ लागत नाही, आणि तारखा मजकूर म्हणून गेल्या असतील तर डेटाटाइपचा रकाना तक्त्यात ठेवल्यास तेही येथेच पकडले जाते.

त्याशिवाय २०१७ मध्ये शिफारस झालेले शॅकल हे आरडीएफ डेटा अटींवर तपासण्याचे मानक वापरावे. आरडीएफ स्वतः कोणत्याही माहितीच्या अभावाला चूक म्हणत नाही. नेमणुकीला संस्थाच नसेल तर ‘ती अजून सांगितलेली नाही’ एवढाच त्याचा अर्थ होतो. प्रत्येक मेंबरशिप नोडला नेमकी एक व्यक्ती आणि नेमकी एक संस्था असावी, सुरुवात जास्तीत जास्त एक असावी आणि तिचा डेटाटाइप तारखेचा असावा, अशा अटी शॅकलमध्ये लिहिता येतात. ‘सुरुवात जास्तीत जास्त एक’ ही अट विशेष महत्त्वाची आहे, कारण दोन नेमणुका कोठे एकत्र मिसळल्या असतील तर ती तेथे मोडते. पायशॅकल ही लायब्ररी आरडीएफलिबवरच बांधलेली असल्याने तुमच्या कोडमध्ये सहज बसेल. मात्र ती सबंध फाईलवर न चालवता प्रत्येक तुकडीच्या लहान ग्राफवर चालवावी, आणि तुकडी पाडताना एका नेमणुकीचे सर्व ट्रिपल एकाच तुकडीत राहतील याची व्यवस्था करावी.

लेखकयादीविषयी जावाकर यांचे म्हणणे मांडणीच्या दृष्टीने योग्य आहे, पण आरडीएफच्या यादीतून स्पार्क्लने ‘तिसरा लेखक कोण’ किंवा ‘पहिला लेखक म्हणून किती निबंध’ हे विचारणे त्रासाचे असते; यादीतले सदस्य एका प्रॉपर्टी पाथने मिळतात, त्यांचे स्थान मात्र सहजी मिळत नाही. लोक असे प्रश्न विचारणार असतील तर क्रमांक असलेला मधला नोड ठेवावा, आणि शेजारी डब्लिन कोर या शब्दसंग्रहातला ‘क्रिएटर’ हा साधा प्रेडिकेट लिहावा. लेखकत्व कधी संपत नसल्याने नेमणुकीच्या थेट ट्रिपलला जो आक्षेप होता, तो येथे येत नाही.

उत्तर – जावाकर

पहिल्या लेखकाचा मुद्दा मान्य. तशा क्वेरी अपेक्षित असतील तर क्रमांकच बरा.

पुसलेल्या ट्रिपलसाठी वेगळा हिशेब ठेवण्याची गरज नाही. रात्रीची सगळी भरणी एका नेम्ड ग्राफमध्ये ठेवावी आणि स्पार्क्ल १.१ च्या ग्राफ स्टोअर प्रोटोकॉलमधली ‘पुट’ ही क्रिया वापरावी. ती त्या ग्राफमधला जुना मजकूर काढून नवा ठेवते, त्यामुळे पुसलेले आपोआप जातात आणि इतर ग्राफना धक्का लागत नाही. फाईल एका विनंतीत पाठवण्याइतकी लहान नसेल, तर टीडीबी २ चा नवा डेटाबेस शेजारी तयार करून, त्यावर वरच्या मोजण्या चालवून, त्या जुळल्यावरच सर्व्हरला त्याच्याकडे वळवावे. मोजणी बिघडलेल्या रात्री वापरकर्त्यांना कालचा डेटा मिळत राहतो, आणि अर्धवट भरलेल्या डेटापेक्षा तो केव्हाही परवडतो.

ट्रिपल पुसले गेले तरी त्या वस्तूचा यूआरआय बाहेर कोणीतरी नोंदवून ठेवलेला असू शकतो. आदल्या रात्रीच्या आणि आजच्या यूआरआयच्या याद्यांची वजाबाकी करून जे गळले त्यांची एक नोंद ठेवावी, आणि कोणी ते उघडले तर ‘सापडले नाही’ या ४०४ ऐवजी ‘काढून टाकले आहे’ असे सांगणारा ४१० हा प्रतिसाद द्यावा. दोन नोंदी एकत्र केल्यामुळे यूआरआय गेला असेल, तर ४१० न देता टिकलेल्या यूआरआयकडे ३०१ ने वळवावे. संशोधकांच्या दुहेरी नोंदी एकत्र करण्याचे काम तुमच्याकडे चालूच राहणार असल्याने हा दुसरा प्रकार अधिक वेळा येईल.